वाक्याचा कर्ता हरवूं नये

लिहितां येणें निराळें आणि लिहिलेलें दुसऱ्यास नेमकें कळणें निराळें. शिकलेल्या घरांतही एका ढिल्या वाक्यामुळें भावाभावांत किंतु उत्पन्न झाल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत थोडीं नाहींत. हल्लीं पत्राची जागा फोनवरील निरोपानें घेतली आहे; तरी वाक्याचे दोष तेच राहिले आहेत.

एक वाक्य पाहा: ‘दादांनीं अण्णास आपल्या खोलींत सामान ठेवावयास सांगितलें.’ खोली कोणाची? दादांची म्हणावी तरी चालतें, अण्णाची म्हणावी तरी चालतें. एकत्र कुटुंबांत ही संदिग्धता क्षुल्लक नव्हे. असेंच वाक्य वाटणीपत्रांत किंवा मृत्युपत्रांत शिरलें, तर त्याचा अर्थ ठरविण्यास कोर्टाची पायरी चढावी लागेल. म्हणून जेथें माणसें दोन आणि ‘आपला’ एकच, तेथें सरळ नांव पुन्हां लिहावें. पुनरुक्तीची लाज बाळगूं नये.

दुसरा दोष ‘ऊन’ प्रत्ययाचा. ‘करून’, ‘जाऊन’ ह्या क्रियेचा आणि पुढील मुख्य क्रियेचा कर्ता एक असावा, हा दंडक संस्कृतांत पाणिनीनें घालून दिला आहे; मराठीही सामान्यतः तोच पाळते. ‘दार उघडून दिवा विझला’ असें लिहिल्यास दार दिव्यानेंच उघडलें असें होतें! ‘दार उघडतांच दिवा विझला’ म्हणजे झालें.

तिसरा दोष लांबणीचा. मराठींत क्रियापद बहुधा शेवटीं येतें. तें येईपर्यंत वाचकास सगळें ओझें डोक्यावर वाहावें लागतें. मध्येंच ‘माधव, जो पुण्यास शिकतो, उद्यां येईल’ अशी इंग्रजी घडण घातली कीं तें ओझें आणखी वाढतें. ‘पुण्यास शिकणारा माधव उद्यां येईल’ एवढें मराठीस पुरतें.

ह्या लांबणीस जुनी परंपराही आहे. मोडी लिहितांना आपले पूर्वज आधीं रेघ ओढीत आणि तिच्याखालीं लेखणी फारशी न उचलतां मजकूर लिहीत जात. शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हें नसत. छपाईबरोबर हीं चिन्हें मराठींत रूढ होऊं लागलीं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, मेजर थॉमस कँडी ह्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालीं, आणि मोरो केशव दामले ह्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. साधनें आलीं खरीं. परंतु बिघडलेल्या वाक्यास स्वल्पविराम तारूं शकत नाहीं. घराचा पायाच खचला असतां भिंतीस चुना लावून काय होणार?

आमच्या वेळापुरास यादवकालीन मराठी शिलालेख आहेत. दगडावर अक्षर कोरावयाचें म्हणजे एकेका अक्षरास श्रम. तेथें भरतीच्या शब्दास जागा कोठून मिळणार? कागद स्वस्त झाला आणि आपले शब्द सैल झाले.

ह्याचा अर्थ सर्व वाक्यें आखूड करावीं असा मात्र नव्हे. सारींच आखूड वाक्यें पावसाच्या पागोळीसारखीं टपटप वाजतात. दोन लहान वाक्यांमागून एक लांब यावें. मागील वाक्याच्या अखेरीस जें आलें, त्याचा धागा पुढील वाक्याच्या आरंभीं धरावा. म्हणजे वाचक न अडखळतां चालतो.

उपाय सोपा आहे. लिहिलेलें एकदां मोठ्यानें वाचावें. जेथें श्वास तुटेल, तेथें वाक्य तोडावें; प्रत्येक क्रियापदास ‘कोण?’ असें विचारावें. उत्तर एकच मिळालें तर वाक्य शुद्ध. दोन मिळालीं तर कर्ता हरवला असें समजावें. मुलांनीं आपला मजकूर आजीस वाचून दाखवावा, आणि तिनें ‘कोण रे?’ असें विचारलें कीं तेथें निमूटपणें दुरुस्ती करावी. एवढी संवय घरांत लागली तरी पुष्कळ गैरसमज उंबऱ्याबाहेरच राहतील.