दोन नंबरच्या काट्याची वही

गळिताच्या हंगामात कराडहून सांगलीकडे येताना कारखान्यांच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली दिसते. समजा, आत वजनकाटे चार आहेत आणि वही एकच. एक कारकून लिहील, तिघे पेन धरून उभे राहतील आणि रांग हमरस्त्यावर येईल. त्यापेक्षा ज्याच्या त्याच्या काट्याला ज्याची त्याची वही बरी. एकूण किती ऊस आला, ती बेरीज पाळी संपल्यावर.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हीच युक्ती ‘पर-सीपीयू व्हेरिएबल’ या नावाने चालते. प्रोसेसरचे कोअर आठ असतील तर एकाच मोजणीच्या आठ प्रती. नेटवर्कवरून आलेली पाकिटं प्रत्येक कोअर आपल्यापुरती मोजतो. सगळ्यांनी एकच आकडा वाढवायचा म्हटलं, तर तो ज्या कॅश लाइनमध्ये आहे ती, साधारण 64 बाइटची, या कोअरकडून त्या कोअरकडे हेलपाटे घालत राहते. मोजणी राहते बाजूला, वेळ जातो हेलपाट्यांत.

लिनक्स 1991 सालचं. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. त्यात प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र; शेजाऱ्याकडचं काही हवं असेल तर निरोप धाडायचा. लिनक्सचा संसार एकत्र कुटुंबातला. मेमरी सगळ्यांची एकच, पण वाड्यात चुली वेगळ्या मांडलेल्या.

चुली वेगळ्या झाल्या म्हणून कटकट संपत नाही. कर्नेलच्या या भागातला कोडचा बदल तपासायला घेतला की ओळ दिसते एवढीशी: आपल्या कोअरचा आकडा एकने वाढव. यंत्र मात्र ते तीन पायऱ्यांत करू शकतं. आपली वही शोधायची, आकडा वाचायचा, वाढवून लिहायचा. आणि मधल्या कुठल्याही पायरीवर कामं वाटून देणारा शेड्युलर ते काम उचलून दुसऱ्या कोअरवर नेऊन ठेवू शकतो. म्हणजे असं, की कारकुनाने दोन नंबरच्या वहीत 417 वाचलं, तेवढ्यात त्याला तीन नंबरवर पाठवलं. डोक्यात वही दोन नंबरचीच. तोवर दोन नंबरवर आलेल्या नव्या माणसाने 418 लिहिलं, 419 लिहिलं. पहिला सवडीने येऊन त्यावर 418 लिहून गेला. दोन ट्रॉल्या गेल्या कुठे? ना आवाज, ना धूर. म्हणूनच ही चूक चाचणीत क्वचित सापडते.

जुना उपाय म्हणजे ‘गेट-सीपीयू-व्हार’ म्हणून काम उचललं जाणं रोखायचं आणि काम उरकलं की ‘पुट’ करून मोकळं करायचं. ख्रिस्तोफ लॅमेटरने ‘धिस-सीपीयू’ ही नवी पद्धत आणली. 64 बिटच्या एक्स86 वर ‘जीएस’ रजिस्टरच्या आधाराने वही शोधणं आणि आकडा वाढवणं एकाच सूचनेत होतं. काम मध्येच थांबवणारा इंटरप्ट आला तर तिच्या आधी येईल किंवा नंतर. मध्ये शिरायला फटच नाही. नोंद दोनच्या वहीत पडो की तीनच्या, बेरीज बिनचूक. 2013-14 च्या सुमारास जुन्या पद्धतीच्या बऱ्याच ओळी कर्नेलभर शोधून बदलल्या गेल्या.

बदलताना एक खोच राहते. याच क्रियांचं दुसरं रूप आहे, नावापुढे दोन अंडरस्कोअर असलेलं. त्याचा अर्थ, ‘काम इथून हलणार नाही याची हमी बोलावणाऱ्याने घेतली आहे.’ एक्स86 वर साध्या वाढीसाठी दोन्ही रूपांतून एकच सूचना निघते, त्यामुळे चुकीचं रूप वापरलं तरी आपल्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. तोच कोड जिथे तीन पायऱ्यांत होतो, अशा दुसऱ्या प्रोसेसरवर नेला की आकडे गळायला लागतात. माझ्या मते या तपासणीतला खरा कस इथेच आहे. बदललेली ओळ वाचून भागत नाही. तिला कोण बोलावतं आणि तेव्हा हमी खरंच घेतलेली असते का, हे चार फाइली मागे जाऊन पाहावं लागतं. ‘डीबग-प्रीएम्प्ट’ चालू करून चालवलंत का, हा प्रश्न बदलाच्या लेखकाला विचारायलाच हवा. ते चालू असलं की हमी नसताना असा वापर झाल्यास कर्नेल स्वतःच ओरडतं, अर्थात ती वाट चाचणीत चालली तरच.

हमीची रीतही आता बदलली आहे. ठरल्या वेळेत प्रतिसाद द्यावा लागणाऱ्या रिअल-टाइम कर्नेलमध्ये काम उचलणं फार वेळ रोखून चालत नाही, म्हणून 2020 मध्ये 5.8 आवृत्तीत ‘लोकल लॉक’ आलं आणि ही वही कोणत्या कुलपाखाली आहे ते कोडमध्येच दिसू लागलं. रिअल-टाइमचा पर्याय स्वतः मुख्य कर्नेलमध्ये यायला 2024 उजाडलं, 6.12 ला.

आणि शेवटी बेरीज. कोअर चालू संगणकातही बंद करता येतो. बेरजेची फेरी फक्त चालू कोअरवरून फिरवली, तर बंद काट्याची वही कपाटातच राहते. म्हणून एक तर फेरी सगळ्या संभाव्य कोअरवरून घ्यायची, नाहीतर कोअर बंद होतानाच त्याचा आकडा दुसरीकडे जमा करायचा. कारखान्यात अशी वही राहिली तर शेतकरी खिशातली पावती काढून गेटवर उभा राहील. नेटवर्कवरून आलेल्या पाकिटाकडे पावती नसते.