नोकरीचा अर्ज : चुकलेल्या रकान्याची किंमत

नागपूर – लाकडाच्या वखारी आणि आरामशीन यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या लकडगंज परिसरात भरतीची जाहिरात निघाली, की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत तरुणांची गर्दी होते. अंतिम दिनांकाच्या आदल्या संध्याकाळी तर उभे राहण्यासही जागा नसते. उमेदवार कागद पुढे करतो, दुकानातील मुलगा भराभर रकाने भरतो, शुल्क भरले जाते आणि पावती हाती पडते. अर्ज ‘भरला गेला’ म्हणून उमेदवार निश्चिंत होतो. परंतु त्यात नेमके काय लिहिले गेले, हे त्याला अनेकदा कागदपत्र पडताळणीच्या दिवशीच कळते. तोवर मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा पार पडलेली असते, वर्ष-दोन वर्षांचे श्रम पणाला लागलेले असतात.

अर्ज दुसऱ्याने भरला, ही सबब निवड यंत्रणेपुढे सहसा टिकत नाही. अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापन असते आणि ते उमेदवाराच्या नावे असते. म्हणूनच अर्ज ही निवडप्रक्रियेची पहिली परीक्षा समजणे हिताचे ठरते.

जन्मतारखेची एक चूक

बिहारमधील एका उमेदवाराचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. पोलीस शिपाई पदाच्या २०१७ मधील जाहिरातीनुसार त्याने सायबर कॅफेतून अर्ज भरला. शाळेच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७ होती. अर्जात ती ८ डिसेंबर १९९७ अशी नोंदली गेली. सर्व टप्पे पार करूनही या तफावतीमुळे त्याला अनुत्तीर्ण ठरविण्यात आले. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. अखेर २ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चूक क्षुल्लक असून तिचा निवडीवर कोणताही परिणाम झालेला नाही, असे सांगून त्याच्या बाजूने निर्णय दिला. कोणतीही तारीख धरली तरी तो वयाच्या अटीत बसत होता, ही बाब महत्त्वाची ठरली.

न्याय मिळाला, पण एका अंकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून अक्षरशः पाहून लिहावी, हा यातील साधा धडा आहे. आधार कार्डावरील नाव वेगळे असल्यास ते अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद जवळ ठेवावी.

प्रवर्गाचा रकाना

सर्वाधिक नुकसान होते ते प्रवर्गाच्या रकान्यात. जन्मतारखेची चूक न्यायालय क्षुल्लक मानू शकते. आरक्षणाच्या दाव्याबाबत मात्र तशी सवलत गृहीत धरता येत नाही. आसाममधील एका निवड प्रकरणात मुदतीत अपंगत्वाचे ओळखपत्र सादर न करणाऱ्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलासा नाकारला. जाहिरातीतील अट शिथिल करण्याचा अधिकार नियमांत किंवा जाहिरातीत नमूद नसेल, तर एकासाठी ती शिथिल करणे म्हणजे तीच अट पाहून अर्ज न केलेल्या इतरांवर अन्याय होय, अशी त्यामागील भूमिका होती.

महाराष्ट्रातील उमेदवारांचा गोंधळ बहुधा तीन ठिकाणी होतो. पहिला, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हे तीन स्वतंत्र दस्तऐवज आहेत, हे लक्षात घेतले जात नाही. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, वैधता पडताळणी समिती ठरविते, तर नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र कुटुंबाच्या उत्पन्नाशी संबंधित असते आणि त्यावर वैधतेचा दिनांक छापलेला असतो. जाहिरातीत सांगितलेल्या दिनांकास ते वैध आहे काय, हे रकाना भरण्यापूर्वी पाहावे.

दुसरा गोंधळ राज्य आणि केंद्र यांच्या नमुन्यांचा. बँक, रेल्वे किंवा केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या भरतीत इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या विहित नमुन्यातच लागते. राज्याचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. महाराष्ट्रातील विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी केंद्राच्या अर्जात वेगळा रकाना नसतो. जात केंद्रीय यादीत असल्यास इतर मागासवर्ग म्हणून अर्ज करावा लागतो. राज्याच्या २०२४ च्या कायद्याने निर्माण झालेला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग हा प्रवर्गही केंद्राच्या भरतीत नाही.

तिसरा गोंधळ समांतर आरक्षणाचा. महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ यांच्यासाठीचे आरक्षण सामाजिक प्रवर्गापेक्षा वेगळे असते आणि त्याचा दावा अर्जातच करावा लागतो. तो रकाना रिकामा राहिला, तर पुढे कपाटातील प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही. खुल्या प्रवर्गातील महिलांसाठी असलेली नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची अट राज्य शासनाने २०२३ मध्ये रद्द केली. मात्र मागास प्रवर्गातून दावा करताना त्या प्रवर्गाच्या अटी कायम आहेत.

पूर्व नागपुरातील वेगळा प्रश्न

लकडगंज आणि लगतच्या वस्त्यांत छत्तीसगड व मध्य प्रदेशातून आलेली अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांच्या मुलांसाठी ‘मानीव दिनांक’ हा शब्द निर्णायक असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकास कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्रात होते काय, हे तपासले जाते. कुटुंब त्यानंतर आले असल्यास, जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी महाराष्ट्राच्या भरतीत आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

परराज्यातील प्रमाणपत्राच्या आधारे राखीव रकाना भरणारा उमेदवार पडताळणीत अडचणीत येतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद असे पुरावे शोधण्यास महिने लागतात. हे काम जाहिरात निघाल्यावर नव्हे, तर बारावीच्या वर्षीच सुरू केले पाहिजे.

माहिती लपविणे अंगलट येते

‘आपल्याविरुद्ध गुन्हा नोंद आहे काय’ या प्रश्नापुढे अनेक जण घाबरून ‘नाही’ लिहितात. नियुक्तीपूर्वी चारित्र्य पडताळणी होते आणि पोलीस ठाण्यातील नोंद समोर येतेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याबाबत तत्त्वे निश्चित केली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात नियोक्ता तारतम्याने निर्णय घेऊ शकतो. मात्र खरी माहिती दिली म्हणजे नियुक्तीचा हक्क मिळतो, असेही नाही. प्रश्न नीट वाचावा : गुन्हा नोंद होणे, खटला प्रलंबित असणे आणि शिक्षा होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

राज्य सेवेसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापनही द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो.

छायाचित्र, स्वाक्षरी आणि संख्या

बँकांच्या सामाईक भरतीत छायाचित्र २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी आकाराची मागितली जाते. इंग्रजी मोठ्या अक्षरांतील स्वाक्षरी स्वीकारली जात नाही. हस्तलिखित प्रतिज्ञापन उमेदवाराच्याच अक्षरात हवे असते. परीक्षेच्या दिवशी हेच नमुने जुळवून पाहिले जातात.

जास्त अर्ज म्हणजे जास्त संधी, हा समजही सोडावा. राज्यातील १७ हजारांहून अधिक पदांच्या २०२४ मधील पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करण्याची अट होती. तरीही अनेक घटकांत अर्ज करणाऱ्यांकडून हमीपत्र घेण्याची वेळ यंत्रणेवर आली.

खासगी नोकरीतही तोच नियम

व्यापारी पेढी, गोदाम वा वाहतूक कार्यालयातील अर्ज एका पानाचा असला, तरी तेथेही खरेपणा तपासला जातो. आधीची नोकरी सोडण्याचे कारण एका वाक्यात, कोणाचीही निंदा न करता लिहावे. मधल्या काळात खंड असल्यास तो लपवू नये. ‘संगणकाचे ज्ञान’ एवढेच लिहिण्याऐवजी टॅली, जीएसटी विवरणपत्र, मराठी टंकलेखन यांपैकी काय येते, ते स्पष्ट लिहावे. ज्यांचे नाव संदर्भासाठी द्यायचे, त्यांना आधी विचारावे.

सादर करण्यापूर्वी

जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचून लागणाऱ्या प्रमाणपत्रांची यादी करावी. आधी कोऱ्या कागदावर अर्ज लिहावा आणि दुकानात तो पुढे ठेवून भरून घ्यावा. मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा; दुकानाचा दिल्यास प्रवेशपत्राची सूचना दुकानातच राहते. अंतिम बटण दाबण्यापूर्वी संपूर्ण अर्ज पडद्यावर मोठ्याने वाचावा. शुल्क खात्यातून वजा झाले म्हणजे अर्ज पोहोचला असे नव्हे; अर्ज क्रमांक असलेली प्रत निघाली, तरच तो पूर्ण झाला समजावा. ही प्रत, शुल्काची पावती आणि मूळ जाहिरात नियुक्ती होईपर्यंत जपून ठेवावी. चूक आढळल्यास दुरुस्तीची मुदत आहे काय ते पाहून लगेच लेखी कळवावे.

एवढ्या कामाला दोन तास लागतात. ते दिले नाहीत, तर मैदानावरच्या धावण्याचे आणि अभ्यासिकेतील जागरणाचे मोल एका रकान्यात वाया जाऊ शकते.