औषधविक्रेते एकत्र येतात ते कशासाठी?

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात ऐन रोवणीच्या दिवसांत अंग दुखू लागले, तर माणूस डॉक्टरच्या आधी औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. समजा, रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणारा एखादा वृद्ध गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनची गोळी मागतो. ही औषधे एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातील फार्मासिस्टला हे त्याच क्षणी आठवले पाहिजे. शंका आली तर मोठ्या रुग्णालयात विचारण्यास सहकारी असतो. खेड्यातला फार्मासिस्ट मात्र एकटाच असतो.

हा एकटेपणा दूर करणे हे व्यावसायिक संघटनेचे पहिले काम मानले पाहिजे. परंतु संघटना बळकट होते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. 30 मे 2017 रोजी औषधांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशभर दुकाने बंद ठेवण्यात आली, तेव्हा धंद्यावरील संकट प्रत्येकाला दिसत होते. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के ठरविला. एवढ्या मर्यादित नफ्यावर चालणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीने एकत्र येतो, यात नवल नाही. तथापि या एकजुटीला दुसरी बाजूही आहे. संघटनेच्या ना-हरकत पत्राशिवाय नवा घाऊक विक्रेता नेमू न देण्याच्या प्रथेबद्दल स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेस दंड केला होता. एकाच धंद्यातील माणसे एकत्र जमली की ग्राहकाने सावध राहावे, हा ॲडम स्मिथचा 1776 मधील इशारा अद्याप जुना झालेला नाही.

ज्ञानासाठी एकत्र येण्याचे अर्थशास्त्र निराळे आहे. ज्ञान दिल्याने कमी होत नाही. पण देणाऱ्याचा वेळ खर्च होतो आणि लाभ सर्वांना मिळतो. अशा ठिकाणी प्रत्येक जण दुसऱ्याने कष्ट करावेत अशी वाट पाहतो, हे मॅन्कर ओल्सन यांनी 1965 मध्येच दाखवून दिले. तरीही काही फार्मासिस्ट दुसऱ्याच्या शंकेचे निरसन करण्यासाठी आपला वेळ देतात. याची कारणे तीन संभवतात. आज उत्तर देणाऱ्यास उद्या स्वतःलाच विचारण्याची वेळ येते. समव्यावसायिकांत जाणकार म्हणून नाव होते. शिवाय, आपण केवळ गोळ्या मोजून देणारे दुकानदार नसून शिक्षित व्यावसायिक आहोत, हे समाधान लाभते. 1948 च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता राखून ठेवला, तो याच भूमिकेतून.

यात एक मेख आहे. समोरच्याच दुकानदाराला आपली खुबी सांगण्यास कोणी सहसा राजी नसतो. कारण गिऱ्हाईक एकच असते. दिघोरीचा फार्मासिस्ट साकोली किंवा तुमसरच्या सहकाऱ्याला मात्र मोकळेपणाने सांगेल. म्हणून ज्ञानाची देवाणघेवाण गल्लीपेक्षा जिल्ह्याच्या पातळीवर फुलण्याचा संभव अधिक.

सक्तीने हे साधणार नाही. 2015 च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी उजळणी वर्गांची अट घातली आहे. अटीने खुर्च्या भरतील, पण मनातील प्रश्न विचारला जाईलच असे नाही. त्याऐवजी जिल्हा संघटनांनी बैठकीतील एक तास दुकानात पडलेल्या अडचणींसाठी राखून ठेवावा आणि उत्तरे लिहून सर्वांना पाठवावीत. उत्तर देणाऱ्याचे नाव त्याखाली असावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून सुरू आहे. नोंद पाठविणाऱ्या फार्मासिस्टला तिचे पुढे काय झाले हे कळले, तर तो दुसरी नोंद आपण होऊन पाठवील.

नफ्याच्या रक्षणासाठी विक्रेते एकत्र आलेच आहेत, आणि ते त्यांनी करूही नये असे नाही. परंतु गुडघेदुखीची गोळी मागणाऱ्या त्या वृद्धाला संघटनेचा उपयोग व्हायचा असेल, तर तिच्या बैठकीत दराबरोबर औषधाचीही चर्चा झाली पाहिजे.