कुळांचा खाणमालक

बारामती-इंदापूर पट्ट्यात पुढारी घडतो तो उसाच्या फडात आणि कारखान्याच्या निवडणुकीत. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, गव्हाणीत मोळी टाकणारा उद्या विधानसभेला उभा राहणार, हे इथं सगळेच धरून चालतात. गोव्याचा पहिला मुख्यमंत्री मात्र लोखंडाच्या खाणीतून आला.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, गोव्याचे भाऊसाहेब. जन्म 12 मार्च 1911, पेडण्यात, गोमंतक मराठा समाजात. शाळेचं शिक्षण फारसं नाही. जे शिकले ते धंद्यात. पोर्तुगीज सरकार खाणींचे परवाने देई आणि महायुद्धानंतर जपानच्या पोलाद भट्ट्यांना खनिज हवं होतं. मांडवी-जुवारीतून बार्ज मुरगाव बंदराकडे जाऊ लागले आणि काही घरं बघता बघता श्रीमंत झाली. बांदोडकर त्यांतले एक. पैसा आला तसा हातही सैल सुटला. गोरगरिबांना, मराठी शाळांना त्यांनी सढळ मदत केली. पुढं मतं मिळाली ती या ओळखीवर, असं मला वाटतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराचीच राहिली. कूळ त्याचं शेत कसत होतं, मुंडकार त्याच्याच भाटात झोपडी बांधून राहत होता. 1963 मध्ये प्रौढ मतदानावर पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हा या माणसांनी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मतं दिली. नेहरू हयात असताना काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही! 20 डिसेंबरला बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच वर्षी कूळ कायदा आला. गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. बहुजनांच्या पोरींच्या हातात पाटी आली, आणि बांदोडकरांच्या कामांत मला हेच सर्वांत मोठं वाटतं. धारबांदोड्याला संजीवनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या वसाहतीचं नावही दयानंदनगर.

त्यांचं स्वप्न मात्र वेगळं होतं: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 चा. ज्या मागणीवर पक्ष उभा होता, तीच लोकांनी नाकारली. दुसरा कुणी असता तर तिथंच संपला असता.

फेब्रुवारीत बारामतीनं शरद पवारांना पहिल्यांदा आमदार केलं आणि मार्चअखेर गोव्यानं पुन्हा बांदोडकरांनाच सत्ता दिली. जानेवारीत हरवलेल्या माणसाला लोक अडीच महिन्यांत परत बोलावतात, कारण विलीनीकरण नको असलं तरी भाटकाराचं राज्य त्यांना त्याहून नको होतं. निवडणुकीचे पंडित हा भेद अजून नीट मांडत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. 1972 मध्ये ते तिसऱ्यांदा जिंकले.

खाणमालकानं कुळांची बाजू घेतली, म्हणून खाणींची बाजू सुटली असं नाही. पोर्तुगीज काळातले परवाने पुढं कित्येक वर्षं तसेच चालले; ते मोडून भाडेपट्टे करणारा कायदा संसदेनं 1987 मध्ये केला. शेत कुणाचं, हा प्रश्न त्यांनी धसाला लावला. डोंगर कुणाचा, हा प्रश्न त्या पिढीनं विचारलाच नाही.

12 ऑगस्ट 1973 ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेब गेले. गादीवर त्यांची कन्या शशिकला काकोडकर आल्या. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी दुरुस्ती, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीत झाली.