रक्तदाब: दुखत नाही म्हणून गोळी सोडू नका



पायात काटा रुतला तर तो आपण लगेच काढतो, कारण तो टोचतो. वाढलेला रक्तदाब बहुधा टोचत नाही, दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार, हा विकार असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना त्याची कल्पनाच नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतलेही पुष्कळजण थोडे दिवस गोळ्या घेतात आणि बरे वाटले की बंद करतात. पण बरे वाटणे निराळे आणि दाब आटोक्यात असणे निराळे.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. पाइपात सतत जादा दाब राहिला तर तो पहिल्याच दिवशी फुटत नाही. सांधे हळूहळू कमजोर होतात, मोटारीवर ताण पडतो आणि ऐन हंगामात घात होतो. शरीराचेही तसेच आहे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक वारंवार येऊ लागला, तर पुढील चार ठिकाणी नुकसान होते.

मेंदू: रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते व अर्धांगवायू होतो. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्णाला थेट मोठ्या इस्पितळात न्यावे.

हृदय: जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलून त्याचा स्नायू जाड होतो व पुढे थकतो. धाप लागते, पाय सुजतात. हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

मूत्रपिंडे: रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या निकामी होत जातात. लघवी नेहमीसारखी होत असतानाही हे आत चालू असते.

डोळे: पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपते व नजर अधू होते.

यावर उपाय आपल्या हातात आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळावी. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, एवढे मीठ पुरे. या हिशेबाने पाच मोठ्या माणसांच्या घरात, लोणचे, पापड व खारी मासळी धरून, महिन्याला पाऊण किलोच्या वर मीठ जाऊ नये. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेऊ नका. त्यांतील कित्येकांनी दाब वाढतो व मूत्रपिंडांनाही अपाय होतो.

गोळी कमी करायची की बदलायची हे डॉक्टरांनी ठरवावे. आकडा उतरला आहे तो गोळीमुळे. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो व नेहमीच्या गोळ्याही मोफत मिळतात. येत्या बाजाराच्या दिवशी तेवढी वाट अवश्य वाकडी करा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्या.