मूल गप्प बसावे म्हणून हातात काय द्यावे?

रविवारी रात्री नऊला हॉटेलात रडणारे मूल बहुतेकदा हट्टी नसते. ते भुकेले आणि पेंगुळलेले असते. घरी साडेसातला वरणभात खाणाऱ्या मुलाने ऑर्डर येईपर्यंत अर्धा तास शांत बसावे, ही अपेक्षाच चुकीची. निघण्यापूर्वी थोडा भात भरवला आणि जरा लवकर गेले, तर निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेल्या वेळेसाठी मोबाइल पुढे केला जातो. ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ सांगते की, दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण जेवताना अडचण वेगळीच असते. डोळे चित्रात अडकलेले मूल घास नीट चावत नाही, पोट भरल्याचेही त्याला कळत नाही. त्यापेक्षा दोन वाट्या आणि चमचा, कागद आणि जाड खडू, नाहीतर मेनूकार्डावरची चित्रे पुरतात. आवाज थोडा होईल. शेजारच्या टेबलाने तेवढे सोसावे.

मोबाइलपेक्षा मोठा धोका मात्र टेबलावरच असतो. तो म्हणजे मसाला शेंगदाणे. चार-पाच वर्षांपर्यंत दाणे चावून बारीक करण्याचे कौशल्य पुरते आलेले नसते. हसता-रडताना अख्खा दाणा श्वासनलिकेत उतरतो. जोरात ठसका लागतो, मग मूल पुन्हा खेळू लागते आणि सगळे विसरतात. काही दिवसांनी खोकला, ताप, छातीत एका बाजूला घरघर सुरू होते. ‘सर्दी’ म्हणून औषधे चालू राहतात आणि दाणा अखेर भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागतो. ठसक्याची ती गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तर निदान लवकर होते. फुटाणे आणि बडीशेपेतले सुपारीचे तुकडेही याच यादीत.

ठसका लागल्यावर मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. न बघता घशात बोट घालू नये, दाणा आणखी आत जातो. आवाजच फुटत नसेल तर थांबू नये: मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मधे जोराने थापा माराव्यात आणि कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांगावे.

हॉटेलाबाहेर मिळणाऱ्या लुकलुकत्या खेळण्यांत बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल जखम करू शकते. उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.