गुण किती, आणि चढाया किती?

नायगावात काय, कंधार-देगलूरकडे काय, कबड्डीचा विषय निघाला की आता आकडे आपसूक येतात. 26 जुलै 2014ला प्रो कबड्डी सुरू झाली, त्याआधी असं नव्हतं. शांताराम जाधव किती मोठे, हे त्यांची चढाई डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत. आज पोरांना गुण तोंडपाठ असतात, याचा आनंदच आहे. पण नुसत्या बेरजेनं खेळाडूवर अन्याय होतो आणि तो पहिल्या हंगामापासून होतोय.

त्या हंगामात अनुप कुमारचे 155 चढाईगुण, राहुल चौधरीचे 151. यू मुंबा अंतिम फेरीत गेली म्हणून अनुप 16 सामने खेळला. तेलुगू टायटन्स साखळीतच थांबले, राहुलला 14च मिळाले. सामन्यामागे राहुल 10.8, अनुप 9.7. पुढे संघ बारा झाले, सामने वाढले. 2017ला परदीप नरवालने 369 गुण घेतले, 26 सामन्यांत. 2019ला पवन सेहरावतने 346, पण 24 सामन्यांत. विक्रम परदीपचा, सरासरीत पवन किंचित पुढे. बास्केटबॉलमध्येही विल्ट चेंबरलेनची 1961-62मधली सामन्यामागे 50.4 गुणांची सरासरी सांगताना, तो जवळजवळ एक मिनिटही बाहेर बसला नव्हता हे सांगावंच लागतं.

सरासरीही पुरत नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्या सातांना हे ठाऊक असतं. ते मागं सरकून, साखळी धरून वाट पाहतात. तिथं दरवेळी ज्याला पाठवतात, त्याची यशाची टक्केवारी घसरणारच. ती घसरण म्हणजे संघाचा त्याच्यावरचा विश्वास आहे.

नुसती बेरीज पुरत नाही, हे दहाव्या हंगामात उघड दिसलं. 1 मार्च 2024ला हैदराबादेत अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं. हंगामभराच्या चढाईगुणांत आशू मलिक पहिला, 276. सर्वोत्तम खेळाडू मात्र पुणेरीचा कर्णधार, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. यादीत तो बराच मागे होता, कारण पुणेरीत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात चढाया वाटल्या जात. शिवाय अस्लम पकडीलाही उभा राहायचा. माझ्या मते ती निवड अगदी योग्य होती.

आपल्या भागात स्पर्धा भरवणाऱ्यांना एकच विनंती: गुणपत्रकावर गुणांशेजारी त्या पोरानं केलेल्या चढायाही लिहा, आणि त्यातल्या तिसऱ्या किती होत्या, तेही.